एका कोयत्याची डबी

मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा सारजाबाई दारात शेंगा फोडत होती. मोठ्या माणसासाठी उठून उभं राहायचं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच ती उठली नाही.

मॅडम पुण्याच्या. एड्सच्या गोळ्यांची जी माहिती संस्था वर कळवते, ती खरी की खोटी हे घरोघर फिरून पडताळायचं, हे त्यांचं काम. संगं संस्थेचा सुंदरराव होता. आष्टीकडच्या टोळ्या सहा महिने ऊस तोडायला कोल्हापूरकडं जातात. तेवढ्यात गोळी खंडू नये म्हणून हाच माणूस दवाखान्यातून डब्या उचलून फडावर पोचवायचा. काम चांगलंच होतं. त्याला सारजाबाईनंही कधी नाव ठेवलं नव्हतं, आणि ती सहसा कुणाला सोडत नसे.

सुग्रीवनं, तिच्या लेकानं, आपली डबी आणून दिली. मॅडमनी गोळ्या मोजल्या, कागदाशी ताडल्या.

"एकही चुकवली नाही. शंभर टक्के. फार छान!"

सुंदररावाचे दात दिसले. आत रतन खोकत होती.

"अन् हिचं?" सारजाबाईनं विचारलं.

"कोण ह्या?"

"माझी सून. तोच आजार. ह्यानंच आणून दिलेला."

सुग्रीव मान खाली घालून उभा राहिला. मॅडमनी कागद वरखाली केले. "यादीत नाव नाही त्यांचं."

"यादीत नसंल. रक्तात हाय. दवाखान्यानंच सांगितलंय, दोघांनी गोळी घ्या म्हणून."

"मग घेत नाहीत का त्या?"

"घेती की," सुग्रीव पुटपुटला. "दिवसाच्या दोन गोळ्या. सकाळची मी, संध्याकाळची ती."

मॅडमचा पेन थांबला. "एकाच डबीतली?"

"कोयत्याला एकच डबी येती, मॅडम."

नवरा ऊस तोडतो, बायको मोळी बांधते. दोघं मिळून एक कोयता. मुकादम आगाऊ पैशाची उचल देतो ती कोयत्याला, झोपडीला बांबू देतो ते कोयत्याला. सुंदररावानं टोळीची यादी मुकादमाकडूनच उतरवून घेतली. त्यातले आजारी कोयते बाजूला काढले, अन् जितके कोयते तितक्या डब्या. जन्मभर सगळं कोयत्यालाच मिळालेलं. औषध तेवढं का म्हणून वेगळं असंल, असं ना सुग्रीवला वाटलं ना रतनला.

"कारं मुडद्या," सारजाबाई सुंदररावाला म्हणाली, "आजार काय कोयत्याला झालाय?"

"पण आजी, आकडा तर जुळला ना…"

"जुळला. माझी सून सुकली, तुझा आकडा जुळला."

मॅडम सुग्रीवकडं वळल्या. निम्म्या गोळीनं आजार दबत नाही, उलट तो गोळीला जुमानेनासा होतो, असं त्या सांगू लागल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. सारजाबाईनं त्यांना मध्येच तोडलं.

"त्ये मागून सांगा. आधी लिव्हा. रतन सुग्रीव. तिची डबी येगळी. माझ्यासमोर लिव्हा."

मॅडमनी लिहिलं.

पावसाळाभर रतन स्वतः दवाखान्यात जाऊन आपली डबी आणत राहिली. दोघांच्या गोळ्या अजून लागू पडत होत्या. ह्यापुढं एक दिवसही खंड नको, असं डॉक्टरांनी बजावलं, अन् रतनला ह्या साली फडावर जायला मनाई केली. पण मुकादमाची उचल दोघांच्या नावावर घेतलेली. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता, तो मुकादमाला नको. दसरा झाल्यावर सारजाबाईच लेकासंगं ट्रकमध्ये चढली.

"ह्या वयात मोळ्या बांधायच्या?" गावानं विचारलं.

"मग तुमी चला," ती म्हणाली. कुणी चढलं नाही.

फडावर सुंदरराव फटफटीवर आला आणि ओरडला, "सुग्रीवचा कोयता!" त्यानं दोन डब्या पुढं केल्या. "आता चूक न्हाई, आजी. मॅडमच्या अहवालावरून वरून नियमच आलाय. आजारी कोयत्याला दोन डब्या."

"दुसरी कुणाची?"

"रतनबाईची."

"रतन कुठंय?"

त्यानं झोपड्यांकडं पाहिलं, पाचटाच्या ढिगाकडं पाहिलं, मग सारजाबाईच्या हातातल्या मोळीकडं.

"मंग तुमी घ्या की."

"मी गिळू?"

"न्हाई, ठिवा म्हणतो. अंगठा तेवढा द्या."

"दवाखान्यातून तिच्या नावानं उचलली का ही?"

"उचलली."

"मग ती तिथं गेल्यावर?"

सुंदरराव हळूच म्हणाला, "तुमची डबी टोळीवर गेली, म्हणतील."

"म्हणतील कशाला? म्हणले असतील. आज तिचा डबी आणायचा दिवस व्हता." सारजाबाईनं मोळी खाली टाकली. "खोकत खोकत एस्टीनं गेली असंल पोरगी, अन् मोकळ्या हातानं माघारी."

"पुढल्या खेपेला दुरुस्त करतो ना. आता अंगठा द्या, न्हाईतर माझा आकडा चुकतो."

तिनं रतनची डबी त्याच्या हातातून काढून पदरात बांधली.

"आई, खाडा पडंल," सुग्रीव म्हणाला. "मुकादम फाडून खाईल."

"खाऊ दे. माझ्या हाडांत काय खाणाराय त्यो?"

ती पाचट तुडवत गावाकडच्या सडकेला लागली. सुंदरराव शाईची डबी उघडून मागनं पळत आला. "आजी! निदान अंगठा! पोचली म्हणून लिव्हावं लागतं!"

सारजाबाई थांबली, पण मागं वळली नाही.

"ती शाई तुझ्याच तोंडाला फास," ती म्हणाली, आणि येणाऱ्या उसाच्या ट्रकला हात केला.