माझा नावडता पेशंट

मित्रांनो, आधी कबुली देतो, मग ओळख. एका मुलीने परीक्षेत नापास व्हावे म्हणून मी जवळजवळ वर्षभर देवाला विनवले. आता ओळख. मी एक जुना स्टेथोस्कोप आहे.

जन्म कारखान्यात झाला. हे आम्हा सगळ्याच वस्तूंना सांगावे लागते, म्हणून लवकर उरकतो. चकती पोलादाची, नळी काळी. १९७४ साली मिरजेला, मेडिकल कॉलेजसमोरच्या दुकानात डॉ. शशिधर यांनी मला विकत घेतले. चार वर्षांनी त्यांच्या कोटाच्या खिशात बसून मी बर्मिंगहॅमला आलो.

श्वास घ्या.

वीस वर्षे मी हेच ऐकले. आधी हॉस्पिटलच्या वॉर्डात, मग डॉक्टरांच्या सर्जरीत. दवाखान्याला इकडे सर्जरी म्हणतात, तिथे कापाकापी होत नाही. खाणीत काम केलेली छाती, सिगारेटची छाती, नुकत्याच जन्मलेल्या बाळाची मुठीएवढी छाती. डॉक्टर माझी चकती आधी स्वतःच्या तळव्यात धरून गरम करायचे. म्हाताऱ्या बायका म्हणायच्या, या डॉक्टरांचा हात लागला की अर्धे दुखणे जाते. हात कुठला? तो मीच असायचो. पण मी कधी दुरुस्त केले नाही.

मग एका औषध कंपनीने त्यांना नवा, निळ्या नळीचा स्टेथोस्कोप भेट दिला. मी ड्रॉवरमध्ये गेलो.

धरून ठेवा.

सात वर्षे धरून ठेवला. ड्रॉवरमध्ये असताना एकच आशा होती. डॉक्टरांची मुलगी ईरा मोठी होत होती, आणि ती डॉक्टर होणार हे घरात कुणी ठरवले नव्हते, कारण ठरवावे लागतच नव्हते. पाऊस पडणार हे कोण ठरवते?

२००५ च्या ऑगस्टमध्ये ईराचा ए-लेव्हलचा, म्हणजे इकडच्या बारावीचा, निकाल लागला. गणितात ए, बायॉलॉजीत बी, केमिस्ट्रीत डी. मेडिकलचे दार त्या डीने बंद झाले. आठवड्याभराने ईराने सांगितले की तिला कार्डिफला सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला जागा मिळाली आहे. पण तिच्याकडे फिजिक्स नव्हते, म्हणून फाउंडेशन इयरसह. म्हणजे तीन वर्षांच्या पदवीआधी एक जास्तीचे वर्ष, पाया पक्का करायला. त्या वर्षी साठ टक्के मिळाले तरच पुढे पदवीचे पहिले वर्ष.

"युनिव्हर्सिटीची बालवाडी," डॉक्टर म्हणाले.

"बालवाडीतूनच वर जातात सगळे, अहो," नीनाताई म्हणाल्या. नीनाताई म्हणजे ईराची आई.

शेवटी बापलेकीत करार झाला. साठ टक्के मिळाले तर सॉफ्टवेअर. नाही मिळाले तर परदेशातल्या एका खासगी मेडिकल कॉलेजचा फॉर्म, जो डॉक्टरांनी भरूनच ठेवला होता, पोस्टात जाणार. तो फॉर्म माझ्याच ड्रॉवरमध्ये होता. मी त्याच्यावर प्रेमाने पडून राहिलो.

निघायच्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर काढले, नवी नळी बसवून घेतली होती, आणि ईराच्या गळ्यात घातले. "असू दे. उपयोग होईल," म्हणाले. ईरा हसली नाही, पण तिने मला काढलेही नाही. एम फाइव्ह हायवेवर अर्धा तास मी तिच्या गळ्यात होतो. आयुष्यातला सर्वांत सुखाचा अर्धा तास.

मग तिने मला पिशवीत टाकले. तिथे तो भेटला.

सोडा.

(सोडत नाही. त्याच्याबद्दल बोलायचे आहे.)

लॅपटॉप. रुपेरी, सपाट, झाकण उघडले की लगेच उजळणारा. कार्डिफच्या खोलीत मी दारामागच्या खुंटीवर होतो, माझ्यावर टॉवेल. तो टेबलावर. पलंगावर. तिच्या मांडीवर. तिची दहा बोटे दिवसाला आठ तास त्याच्या अंगावर असायची. मी मोजले आहेत. मला तिने आठ आठवड्यांत एकदा हात लावला, तोही टॉवेल काढताना.

ती त्याच्याशी बोलायची. "कम ऑन, प्लीज, चाल ना." तो लाल अक्षरांत काहीतरी उद्धटपणे सांगायचा आणि ती त्याला माफ करून पुन्हा पहिल्यापासून वाचायची. गणिताचे वर्ग, फिजिक्सचे वर्ग, प्रोग्रॅमिंगची लॅब. सगळीकडून ती थकून यायची आणि त्याला उघडायची. आणि त्याच्या छातीत सतत घरघर. मी पेशंट ऐकलेले आहेत, मित्रांनो. असल्या छातीच्या माणसाला डॉक्टरांनी आधी जिना चढायला लावले असते.

पुन्हा श्वास घ्या.

नोव्हेंबरमध्ये दिवाळीच्या कार्यक्रमाला ईरा बर्मिंगहॅमला आली. महाराष्ट्र मंडळाने एका शाळेचा हॉल घेतला होता. तिची पाठपिशवी खुर्चीखाली, आत लॅपटॉप, त्याच्याखाली मी चेपलेलो, बाबा विचारतील म्हणून सोबत आणलेला. वर डॉक्टरांना लोक विचारत होते, लेक काय करते? डॉक्टर म्हणायचे, "कार्डिफला असते." आणि चिवड्याचा बकाणा भरायचे. डॉक्टरची मुलगी कार्डिफला म्हटल्यावर आमच्या लोकांना पुढचे विचारायची गरज पडत नाही. मंडळातल्या हरीशकाकांनी तर दहा मिनिटांत तिला हार्ट स्पेशालिस्ट करून टाकले.

मग नंदाकाकू, हरीशकाकांच्या पत्नी, छातीवर हात ठेवून बसल्या. धडधडतेय म्हणाल्या. डॉक्टर पुढे झाले तर म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्ही तेच सांगणार, वजन कमी करा. ईराला बघू दे, मेडिकलला आहे ना ती?"

ईराने बाबांकडे पाहिले. बाबांनी चिवड्याकडे पाहिले.

ईराने मला बाहेर काढले. किती वर्षांनी माणसाची छाती! मी जीव तोडून ऐकवले. काकूंचे हृदय ठणठणीत होते, फक्त चकल्या जास्त झाल्या होत्या. ईराने थोडे ऐकले आणि मला बाबांच्या हातात दिले. "बाबा, तुम्ही ऐका." काकू कौतुकाने म्हणाल्या, किती नम्र पोर.

परत घरी जाताना गाडीत ईरा म्हणाली, "बाबा, मी काकूला खोटा नाही बोलली, पण खरा पण नाही सांगितली. नेक्स्ट टाइम तुम्ही सांगायचं. मी नाही सांगणार तुमच्यासाठी."

डॉक्टर म्हणाले, "आधी साठ मिळू देत."

धरून ठेवा.

जानेवारीत, सहामाही परीक्षेत, बावन्न मिळाले.

मी खुंटीवर अक्षरशः नाचलो. टॉवेल पडला.

आता सगळे शेवटच्या प्रोजेक्टवर होते. बसस्टॉपवर उभ्या माणसाला पुढची बस केव्हा येणार ते सांगणारा प्रोग्रॅम. ईराने तीन महिने तो लिहिला, आणि तो जगात एकाच ठिकाणी होता. लॅपटॉपच्या पोटात. दुसरीकडे नक्कल नाही. सॉफ्टवेअर शिकणाऱ्या मुलीने हे करावे, मित्रांनो! पण डॉक्टरही स्वतःचे ब्लडप्रेशर कधी तपासत नव्हते.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मला ते ऐकू आले. खुंटीवरून. घरघरीच्या मागे एक टिक. मग दोन. मग शांतता. मला ती लय ठाऊक होती. अशी छाती मी वॉर्डात ऐकली होती आणि दुसऱ्या दिवशी ती खाट रिकामी होती.

मर, मी म्हणालो.

ईरालाही काहीतरी जाणवले. तिने घरी फोन लावला, फोन स्पीकरवर टेबलावर ठेवला. आई बाहेर गेली होती, बाबांनी उचलला. ती म्हणाली, लॅपटॉप नॉइज करतोय, काय करू कळत नाही. डॉक्टरांना कॉम्प्युटरमधले काही कळत नव्हते. म्हणून त्यांनी जे कळत होते ते विचारले.

"किती दिवस?"

"दोन."

"सतत, की मधून मधून?"

"सेव्ह करते तेव्हा."

"आवाज नेमका कुठून?"

"कळत नाही बाबा, फॅन पण आहे ना."

मग डॉक्टर म्हणाले, "मी दिलेला स्टेथोस्कोप आहे का गं?"

तिने मला खुंटीवरून काढले. कानांत घातले. आणि चकती तळव्यात धरून गरम केली, लहानपणापासून पाहिलेले, नकळत. त्याच्यासाठी! मग मला त्याच्या अंगावर ठेवले.

डॉक्टर सांगत गेले: डावीकडे, आता मधे, आता उजवीकडे, घाई नको. डावीकडे पंखा, नुसती घरघर. आणि उजव्या तळव्याखाली, जिथे तिचा हात टेकायचा, तिथे: टिक. टिक टिक. काही नाही. टिक.

मला वाटले, आता माझी नळी चिरावी. एवढे एकदा ऐकवू नये. दोन दिवस गप्प राहिलो तर हा मरेल, बावन्नचे साठ होणार नाहीत, ड्रॉवरमधला फॉर्म पोस्टात पडेल आणि मी पुन्हा गळ्यात येईन. पण मला गप्प राहता येत नाही. जे आत वाजते ते कानात जाते, माझे मत मधे कुठे घालायला जागाच नाही.

"बाबा, ही हार्ड डिस्क आहे," ईरा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला. "माझं सगळा काम ह्याच्यात आहे."

"मग बघत काय बसलीस? जे वाचवायचं ते आधी बाहेर काढ. बाकीचं नंतर."

तिने पेन ड्राइव्ह लावला. पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना. चाळीस मिनिटे लागतील असे आले. तिला वाटले बाबा आता फोन ठेवतील. डॉक्टर म्हणाले, अत्यवस्थ पेशंटजवळून उठत नाहीत. आणि बसून काय करायचे म्हणून त्यांनी विचारले, की आत एवढे आहे तरी काय.

ईराने सांगितले. बस उशिरा धावते तेव्हा पुढच्या स्टॉपचे अंदाज कसे बदलतात, एक चूक शोधायला तिला नऊ दिवस कसे लागले, ती सापडली तेव्हा ती खोलीत एकटीच कशी ओरडली. मोडक्या मराठीत आणि भराभर इंग्रजीत. डॉक्टर मधे बोलले नाहीत. फक्त एकदा विचारले, "नऊ दिवस? आणि कंटाळा नाही आला?"

"नाही आला, बाबा."

सोडा.

मंगळवारी लॅपटॉप सुरूच झाला नाही. ईराने पेन ड्राइव्ह घेतला आणि युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये बसून प्रोजेक्ट पूर्ण केला. जूनमध्ये निकाल लागला. त्रेसष्ट.

मी तेव्हा बर्मिंगहॅमच्या घरी, दिवाणखान्यात फोनशेजारी पडलो होतो. नंदाकाकूंचा फोन आला. डॉक्टरीचे पहिले वर्ष कसे गेले, विचारत असाव्यात. डॉक्टर उभे राहिले. उभे राहून बोलण्यासारखे काही नव्हते, तरी उभे राहिले.

"वहिनी, ईरा मेडिकलला नाही. नव्हतीच. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगला आहे, आधी एक फाउंडेशन वर्ष केलं. मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. चूक माझी, तिची नाही."

मग काकूंचा आवाज मलाही ऐकू आला, कारण त्या फोनवर नेहमीच ओरडतात. "मग हे दिवाळीतच सांगायचं ना, भावजी. आमचा प्रिंटर तेव्हापासून बंद पडलाय."

सोफ्यावर ईरा होती. तिच्या मांडीवर तो. नवी डिस्क घालून परत आलेला, आणि आता घरघरसुद्धा नाही. तिने वर पाहिलेही नाही, फक्त तिची बोटे थांबली, आणि मग पुन्हा चालू झाली, आधीपेक्षा हलकी.

मित्रांनो, मी अजून जळतो. खोटे कशाला बोलू, मला ते जमतच नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याची नळी घट्ट गुंडाळू नका, चकती अधूनमधून पुसा, आणि त्याला गळ्यात घालून घेणारा कुणी नसेल तर तसे त्याला मोकळेपणी सांगा. ड्रॉवर सोसता येतो. पण एखाद्या जुन्या वस्तूला बरे वाटावे म्हणून एखाद्या मुलीचे आयुष्य त्या वस्तूच्या मापाचे करू नका.