पहिल्या हाकेला ओ

ठाण्याजवळ, दिव्याच्या खाडीकाठचं आमचं जुनं गाव पटकीच्या साथीने गिळलं, असं सगळे म्हणतात. मी म्हणते, निम्मं गाव कड्यांनी मारलं. घराघरांत आतून घातलेल्या कड्यांनी.

भगताने सांगितलं होतं, हाकामारी फिरतेय. ती ओळखीच्या आवाजात नावाने हाक मारते, आणि जो ओ देतो तो मरतो. झालं! माणसं अंगणात पाण्यासाठी टाहो फोडत होती आणि शेजारी कानांत बोटं घालून बसले होते. शेवटी भगतही "पानी, पानी" करत स्वतःच्याच ओट्यावर मेला. त्यालाही कोणी दार उघडलं नाही. शिकवण त्याचीच होती.

मिठागरात राबणारी आम्ही मोजकी घरं उरलो. भिवा आमच्यातला शहाणा. त्याने ठाण्याच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरला गाठलं आणि परत येऊन सांगितलं, "हाकामारी नाय. पान्यानं मारलंय आपल्याला." मग रुळांपलीकडे उंचावर आम्ही नवा पाडा वसवला. नवी विहीर खणली, पाणी उकळायला लागलो. भगत नको, उतारा नको, गंडादोरा नको. आणि भिवाचा मुख्य कायदा असा, की पहिल्याच हाकेला ओ द्यायची आणि तांब्या घेऊन दार उघडायचं. कडी तर कोणी बसवलीच नाही.

चांगलं चाललं होतं. फक्त तिन्हीसांजेला जुन्या गावाकडे कोणी बघायचं नाही. तिकडून वारा आला की चालतं बोलणं थांबायचं, आणि का थांबलं ते कोणी विचारायचं नाही.

अशाच एका तिन्हीसांजेला मी विस्तव मागायला भिवाकडे गेले होते. त्याची विधवा बहीण बायजा चुलीशी बसली होती. एकाएकी ती ताठ झाली.

"शेवंतीनी हाक मारली," ती म्हणाली.

शेवंती तिची जाऊ. पटकीत गेली, बायजाच्या बंद दाराबाहेर. बायजाने तांब्या उचलला.

"भास हाय. बस खाली," भिवा म्हणाला.

"कायदा तुजाच ना, दादा?"

"जित्या मानसांचा हाय तो. मेलेली हाक मारते असं पाड्यात कललं, तर उद्या घराघरांत कड्या लागतील. सगलं बुडंल, बायजा."

त्याचं खरं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मलाही दाराला कडी हवीशी वाटली.

"तवा हाकामारी म्हनून दार लावलं," बायजा म्हणाली. "आता भास म्हनून लावू? शेवंतीला त्यात काय फरक?"

तिने पुन्हा विचारलं, "आन भास हाय ते तुना कसं ठावं?"

त्याने मान खाली घातली.

"मना रोज लक्ष्मीचा आवाज ऐकू येतो. दिवा लावला की लगेच. 'बाबा' म्हनून हाक मारते."

लक्ष्मी. भिवाची एकुलती एक पोर. साथीत ती मामाकडे होती. तिथली सगळी माणसं गेल्यावर एकटी चालत घरी आली आणि दाराशी हाका मारत राहिली, पण भिवानेही हाकामारी समजून ओ दिली नव्हती. भिवाने दार उघडलं तेव्हा ती उंबऱ्याशी होती, पण हाक मारायची थांबली होती. आम्हाला कायदा शिकवणाऱ्या या माणसाने स्वतः तिच्या हाकेला आजवर एकदाही ओ दिली नव्हती, आणि रोज आमच्यात बसून हसत होता.

बायजाने दार ढकललं आणि त्याचा हात धरून त्याला अंगणात आणलं. समोर खाडी, पडक्या भिंती, काळोख उतरत होता. भिवा छाती फुटेल असा ओरडला.

"लक्ष्मी! ओ, बाय, ओ!"

तिकडून काहीच आलं नाही. वारासुद्धा पडला होता.

आणि आमच्या पाठीमागून आवाज आला, "ओ!"

सहदेवच्या घरातून. मग पलीकडून, मग त्याच्याही पलीकडून. दारं उघडत गेली. पोरं पुढे, बायका मागे, प्रत्येकीच्या हातात तांब्या. कोणीतरी हाक मारली होती आणि त्यांनी कायदा पाळला होता.

सहदेव धापा टाकत पुढे आला. "कोन हाक मारतंय? पानी कोनाला पायजे?"

जुन्या गावाकडे कोणी बघितलं नाही. सगळे भिवाकडे बघत होते. त्याचा चेहरा पार भिजला होता. त्याने दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली.

"मना," तो म्हणाला. "मना द्या."