आतली कडी

आत्याने आपलं राहतं घर, डांबून ठेवलेल्या मुलांना सोडवून सांभाळणाऱ्या एका संस्थेला द्यायचं ठरवलं, तेव्हा भाच्याने कपाळाला हात लावला. विम्याचे खोटे दावे हुडकून काढणं हीच त्याची नोकरी. घरात सगळे त्याला शंकासुर म्हणत.

"सोडवून आणलेली मुलं, म्हणे! कुठून सोडवली, कुणी सोडवली? काहीतरी पाणी मुरतंय."

"मग चल ना बघायला," आत्या म्हणाली. "घरात बसून कशाला जळतोस?"

संस्थेत सगळं लख्ख होतं आणि तेच त्याला खटकलं. वर्गात शिरताच मुलांनी एका सुरात नमस्कार केला. पढवलेले पोपट, तो मनात म्हणाला. फळ्यावरचा भागाकार त्याने मुद्दाम एका मुलाला विचारला. मुलाने चक्क चुकीचं उत्तर दिलं आणि स्वतःच खो खो हसला. आता हेही पढवलेलं की काय? स्वयंपाकघरात त्याने झाकणं उचलून पाहिली. सोबतच्या संचालिकाबाई मऊ आवाजात हवं ते दाखवत होत्या. मऊ बोलणाऱ्यांवर तर त्याचा मुळीच विश्वास नव्हता.

वरच्या मजल्यावर एक दार बंद दिसलं.

"इथे काय आहे?"

"नव्या आलेल्या मुली राहतात."

"उघडा बघू."

"विचारावं लागेल," म्हणत बाईंनी दार वाजवलं. "पाहुणे आलेत गं. एक आजी, एक काका. येऊ का?"

आत कुजबुज झाली. मग एक बारीक पण ठाम आवाज आला, "काका कशाला आलेत?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या.

"बघायला," तो म्हणाला.

"काय बघायला?"

"म्हणजे... सगळं नीट आहे ना, ते."

"काका नकोत. आजी आल्या तर चालेल."

आतून कडी सरकली. आत्या आत गेली आणि दार पुन्हा लागलं. त्याने चौकटीवरून हात फिरवला. बाहेरून ना कडी, ना कुलूप.

"बाहेरून लावलेल्या कड्या त्यांनी पुष्कळ पाहिल्यात," बाई म्हणाल्या. "इथे आतूनच."

तो चपलांच्या ढिगाशेजारी उभा राहिला. आतून आत्याचं हसू ऐकू आलं. तिला कशात गुंडाळतायत, कोण जाणे.

परतताना तो म्हणाला, "आपल्याला दाखवायलाच केलेलं नाटक कशावरून नाही?"

"असेलही," आत्या म्हणाली. "पण माझं घर द्यायचं म्हणून आपण गेलो, तरी त्या पोरीने तुला बाहेर ठेवलं आणि बाईंनी ठेवू दिलं. माझं ठरलंय."

पुढच्या आठवड्यात तो न कळवता एकटाच गेला. फाटकाशी पोचतो न पोचतो तोच वरच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "ते काका पुन्हा आलेत!" पटापट पडदे ओढले गेले. पहारेकऱ्याने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "काय काम आहे?"

इतकी वर्षं असले प्रश्न तो लोकांना विचारत आला होता. आता उत्तर त्याला द्यायचं होतं. "काही नाही," म्हणून तो वळला.

घर संस्थेला गेलं. कागद त्यानेच तपासले, तेही दोनदा. खोट सापडली नाही. आत्या दर आठवड्याला त्या मुलींकडे जाते. तो तिला फाटकापर्यंत सोडतो आणि गाडीतच बसून राहतो.