पाय तोच राहतो

काकांनी वाकड्या सुरीनं चामड्याचा पातळ तळ कापला, बुटात सरकवला आणि बूट दुकानातल्या बाकावर बसलेल्या बाईंच्या उजव्या पायापुढे ठेवला.

“आता बघा घालून. देवानं दोन पाय सारखे कुणालाच दिलेले नाहीत. धाकट्या पायाला जरा आधार द्यावा लागतो, एवढंच.”

बाईंनी पाय घातला, पण समाधान काही चेहऱ्यावर उमटेना. त्यांनी दुसरा बूट उचलून त्याची जीभ उलटून पाहिली.

“अहो, यावर अडतीस लिहिलंय! मला पाच लागतो. माझे पाय काय हत्तीचे आहेत?”

“बूट परदेशातून आलाय, बाई. देश बदलला की नंबर बदलतो. पाय तोच राहतो.”

ही काकांची ठरलेली कोटी. तिच्यावर गिऱ्हाईक हसलं नाही, तर काका भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवत. इकडचा नंबर, त्याच्यासमोर तिकडचा. काकूंना मात्र तो तक्ता कधी लागला नव्हता. मघाशी काकांनी “अडतीस काढ गं” म्हटल्यावर त्यांनी मान वर न करता पाचाच्या चळतीतला खोका ओढला होता. जन्मभर खोके उपसले की आकडे बोटांतच मुरतात.

बाई हसल्या. तेवढ्यात फोन वाजला आणि काका-काकू दोघांचेही हात होते तिथे थांबले.

गेल्या महिन्यापासून असंच चाललं होतं. त्यांचा मुलगा मालाच्या बोटीवर कामाला होता. बोट बुडाली. काही माणसं सापडली, काही नाही. मुलगा न सापडलेल्यांत होता. तेव्हापासून काकू देवापुढे हात जोडून आपलं मागणं मोठ्यानं म्हणायच्या, देवाला कमी ऐकू येत असल्यासारखं. काका शेजारी बसून नुसते डोळे मिटायचे.

काकांनी फोन कानाला लावला. बोटीच्या कंपनीतली मुलगी बोलत होती. आवाज कोवळा होता. कागदावरचं वाचून दाखवावं तसं बोलणं.

“काका, लांबच्या किनाऱ्यावर एक जण सापडलाय. चेहऱ्यावरून ओळखू येत नाही. पायात एक बूट तेवढा राहिलाय. तुमच्या मुलाचा नंबर काय होता?”

“आहे,” काका म्हणाले. “आठ आहे.”

पलीकडे बटणं टकटकली.

“आठ... मग नाही जुळत. या बुटावर बेचाळीस आहे.”

“बेचाळीस?” काकांच्या तोंडून निघून गेलं.

चळतीजवळ काकू उठून उभ्या राहिल्या.

“हो. डाव्या पायाचा आहे. आत चामड्याचा एक जादा तळ घातलाय, हातानं कापलेला. पण नंबरच वेगळा म्हटल्यावर प्रश्न मिटला. बाकीच्यांच्या घरी विचारते. कुणाचंच नाही जुळलं, तर परवा तिथेच पुरतील. वर नुसता एक आकडा लावतील. तुमच्यापुढे ‘नाही’ लिहू ना?”

निघायच्या दिवशी मुलगा याच बाकावर बसला होता, डावा पाय बापाच्या गुडघ्यावर टाकून. कामाचे बूट त्यानं काकांच्या हातूनच घेतले होते. काका तळ कापून बसवत होते आणि तो खिदळत होता. “हळू हो बाबा, गुदगुल्या होतात! बोटीवर काय नाचायला चाललोय?” काकूंनी दुकानामागच्या स्वयंपाकघरातून ओरडून विचारलं होतं, की एवढं हसायला झालंय तरी काय.

काकांनी तोंड उघडलं. एका वाक्याचं काम होतं. दिवसाकाठी सतरांदा म्हणायचे ते वाक्य, येणाऱ्या-जाणाऱ्याला, न मागता. काकू जवळ आल्या होत्या. त्यांनी गल्ल्याची कड धरली होती आणि त्या काकांच्या ओठांकडे बघत होत्या.

देव माणसाच्या तोंडून बोलतो म्हणतात. कधी कधी तो माणसाचं तोंड धरूनही ठेवत असेल.

“लिहा,” काका म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणाले?”

“एक जण सापडलाय. बुटाचा नंबर जुळत नाही.”

“बेचाळीस ना?”

“हं.”

“आपल्याचा आठ.”

“आठ.”

“मग!” काकूंनी पदरानं चेहरा पुसला. “कुणा दुसरीचं लेकरू असेल ते. देव त्या माउलीला बळ देवो.”

बाकावरच्या बाईंची नजर तक्त्यावर, आठासमोरच्या आकड्यावर गेली आणि भाजल्यासारखी खाली आली. त्या स्वतःच्या बुटांकडे बघत राहिल्या.

“हेच द्या, काका,” त्या हलकेच म्हणाल्या. “छान बसतात.” घासाघीस न करता, जुन्या चपला पिशवीत कोंबून त्या निघाल्या.

काका पुन्हा खाली बसले. चामड्याचे उरलेले तुकडे गोळा करू लागले. एक तुकडा टाचेच्या आकाराचा होता. तो त्यांनी टाकला नाही, मुठीत धरला. तळाचं ते काकूंना बोलले नाहीत. परवा पुरणार, तेही नाही.

काकू खोके रचत होत्या. पाचाच्या चळतीत पाच, सहाच्या चळतीत सहा. आठाच्या चळतीपाशी हात थबकला.

“अहो.”

“हं?”

“तो तक्ता उतरवा भिंतीवरून.”

काकांनी मान वर केली. काकू वळल्या नव्हत्या.

“का गं?”

“जुना झालाय. आणि कोण बघतं आता त्याच्याकडे.”

काकांनी स्टूल ओढलं. मूठ उघडून चामड्याचा तुकडा खिशात टाकला आणि भिंतीचा आधार घेत वर चढले. काकूंनी येऊन स्टूल दोन्ही हातांनी धरलं. खिळा गंजला होता, सहजी निघेना.

“धरलंय ना नीट?” काकांनी वरून विचारलं.

“धरलंय. तुम्ही काढा.”

फरशी सपाट होती, स्टुलाचे चारही पाय जमिनीला टेकलेले होते, आणि तरीही ते हलत होतं.