मिस्त्रींचा कान आणि मी

मित्रांनो, मला पाहून कुणी चमचा म्हणतं, कुणी चिमटा. म्हणोत बापडे! मी कानाच्या दवाखान्यातला एक जुना नादकाटा आहे. दोन लांब पाय आणि खाली एक दांडा, एवढाच माझा देह. पण मला कोपरावर आपटून पाहा! सेकंदाला पाचशे बारा वेळा थरथरतो मी. एकदाही कमी नाही की जास्त नाही.

हा सूर काही फुकट मिळाला नाही. एका म्हाताऱ्या कारागिराने पोलाद वाकवून मला घडवलं. सूर उतरला की तो माझी टोकं घासायचा, चढला की बेचक्यात कानस चालवायचा. घासून घासून माझा जीव मेटाकुटीला आला, तेव्हा कुठे तो हसला.

मग मी डॉक्टरबाईंच्या एप्रनच्या खिशात आलो. "तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही," असं त्या म्हणायच्या. वीस वर्षं माझा काय तोरा होता म्हणून सांगू! मग किती ऐकू येतं ते मोजणारं यंत्र आलं आणि माझी रवानगी ड्रॉवरमध्ये, कापसाच्या बोळ्यांशेजारी झाली. मी रुसलो, पण आपटल्याशिवाय मला तोंडच फुटत नाही, तर सांगणार कुणाला?

एके दिवशी दोन भाऊ आले. थोरला गॅरेजचा मिस्त्री होता. त्याला वर्षानुवर्षं कमी कमी ऐकू येत गेलं होतं. धाकट्याच्या उजव्या हाताचं एक बोट अर्धंच होतं. त्यानेच सगळं सांगितलं. मागच्या वर्षी त्याचा हात इंजिनाच्या पट्ट्याजवळ होता. "दादा, थांब जरा," असं तो म्हणाला. दादाला ऐकूच गेलं नाही. त्याने किल्ली फिरवली. त्या दिवसापासून मिस्त्रींनी कुठल्याही गाडीची किल्ली हातात घेतली नव्हती. नुसते स्टुलावर बसून राहायचे.

यंत्राचा कागद पाहून दवाखान्यातले नवे डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "कानाची नस गेली आहे. ऑपरेशनचा काही उपयोग नाही."

मिस्त्री हळूच म्हणाले, "बरं. चला मग."

डॉक्टरबाई एकदम थबकल्या. "अहो, नस गेलेला माणूस ओरडून बोलतो. त्याला स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही ना! हे तर कुजबुजतायत." आणि त्यांनी ड्रॉवर उघडला. मित्रांनो, किती वर्षांनी उजेड पाहिला मी!

बाईंनी मला कोपरावर आपटून मिस्त्रींच्या कानासमोर धरलं. काही नाही. मग माझा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. मिस्त्रींचे डोळे विस्फारले.

"हे येतंय की! स्क्रूड्रायव्हर लावल्यासारखं!"

बाईंनी त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "कसला स्क्रूड्रायव्हर?"

"टोक इंजिनाला टेकवायचं, मूठ कानामागे धरायची. आत काय बिघडलंय ते सगळं कळतं."

"मग यंत्राची पट्टी इथेच लावली होती, तेव्हा बटण का नाही दाबलंत?"

मिस्त्री गोंधळले. "आवाज आला की दाबा म्हणाले. ती तर थरथर होती, बाई!"

घ्या! बाईंनी कपाळावर हात मारला आणि मग खळखळून हसल्या. नस शाबूत होती. आतलं एक हाड तेवढं जाम झालं होतं. "त्याचा वरचा भाग काढून तिथे छोटा पिस्टन बसवू. मात्र शंभरात एखाद्याचा आहे तो कानही जातो. नीट विचार करा," असं त्यांनी दोनदा बजावलं.

"कानात पिस्टन?" मिस्त्री म्हणाले. "मग तर बसवाच!"

ऑपरेशनच्या वेळी मी सिस्टरांजवळच्या टेबलावर होतो. नुसता कान बधिर केला होता, मिस्त्री जागेच होते. पडद्यावर मी पाहिलं आणि थक्क झालो. शरीरातलं सगळ्यात लहान हाड ते! तांदळाच्या कणीएवढं. त्याचा वरचा भाग काढून बाईंनी तळाला टाचणीएवढ्या जाडीचं भोक पाडलं आणि त्यात पिस्टन अलगद सोडला. त्यांचा श्वाससुद्धा थांबला होता. माझाही थांबला असता, असता तर.

मग बाई अगदी हळू म्हणाल्या, "तेवीस."

"तेवीस," मिस्त्री म्हणाले. "ओरडताय कशाला?"

सिस्टरांनी डोळे पुसले. मी आयुष्यभर सूर दिला, पण तो आत जाताना असा कधी पाहिला नव्हता.

चवीची एक नस कानातूनच जाते, त्यामुळे पुढे महिनाभर मिस्त्रींच्या तोंडाला पितळेची चव येत होती म्हणे. पण आठवड्याने कानातली पट्टी काढली, तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. पंख्याची घरघर ऐकून म्हणाले, "याचं बेअरिंग गेलंय." धाकटा त्यांच्या मागे उभा होता. तो नेहमीच्या आवाजात म्हणाला, "दादा, तुझी चूक नव्हती रे."

मिस्त्री सावकाश वळले. "हे कधी बोलला नाहीस?"

"रोज बोलायचो. तू नुसती मान हलवायचास."

"मग ओरडून सांगायचंस ना!"

"असलं ओरडून कसं सांगायचं, दादा?"

मिस्त्रींनी ते अर्धं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि लहान मुलासारखे रडले. बाईंनी मला खिशात टाकलं आणि दार लोटून त्या बाहेर गेल्या.

म्हणून सांगतो मित्रांनो, कान जपा, त्यात काड्या घालू नका. आणि ज्याला ऐकू येत नाही, त्याने पुन्हा विचारलं तर "काही नाही, जाऊ दे" असं म्हणू नका. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि पुन्हा सांगा.