सुनेची परीक्षा, सासूचे हात

सुईणकामाच्या परीक्षेत सून नापास झाली असती तर सासूचा, म्हणजे दवाखान्यातल्या मोठ्या बाईंचा, फायदाच फायदा होता. एक फायदा घरचा. स्वयंपाकघर पुन्हा ताळ्यावर आलं असतं, नातवाची दुपटी वेळेवर वाळली असती, आणि आपल्या हातचा चहा आपणच पिण्याची शिक्षा चिरंजिवांना भोगावी लागली नसती. दुसरा फायदा दवाखान्यातला, आणि तो भलताच मोठा. प्रसूतिगृहाला लागून गर्भारशी आणि तान्ह्या मुलांसाठी नवं केंद्र उघडणार होतं. तिथल्या मुख्य बाईच्या खुर्चीला सुईणकामाचं प्रमाणपत्र हवं होतं, आणि नेमकं तेच मोठ्या बाईंकडे नव्हतं. त्या शिकल्या तेव्हा शाळाच नव्हती. एका म्हाताऱ्या सुईणीच्या मागे कंदील धरून त्या घरोघर फिरल्या होत्या. पुढे शाळा निघाली, ती उभी राहिली यांच्याच जिवावर. म्हणजे शिकवणारी कोरडी आणि शिकणाऱ्या मात्र दरवर्षी कागद मिरवत बाहेर पडायच्या.

नियमात एक फट होती. प्रमाणपत्रवाली मिळालीच नाही, तर परीक्षक बाईंच्या शिफारशीवर अनुभवी बाई चालणार होती. यंदाच्या बाकीच्या मुली आपापल्या गावी परतणार होत्या. गावात राहणारी एकटी सून.

दवाखान्यातल्या आयाला हे गणित कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

"बाई, तिला थोडं कच्चंच शिकवा की," ती फरशी पुसता पुसता म्हणाली. "कुणाला कळतंय?"

"तू कोपरा सोडलास की मला कळतं," मोठ्या बाई म्हणाल्या. "ती कच्ची राहिली की बाळंतिणीला कळेल. तो कोपरा पूस आधी."

आणि शिकवलं ते असं, की बाकीच्या मुलींना सुनेची दया यावी. घरी 'आई', दवाखान्यात 'बाई', हा पहिला दंडक. दुसरा हातांचा. खाटेशी काम करणारे हात एकीचेच. उरलेल्यांनी हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. पूर्वी बाळंतपणाच्या खोलीत सतरा शहाण्या जमायच्या आणि प्रत्येकीला ओढाओढीची घाई. त्यातून झालेले अनर्थ मोठ्या बाईंनी डोळ्यांनी पाहिले होते. म्हणून कुणाचे हात पुढे आले की त्या ओरडायच्या, "हात मागे!"

तिसरी गोष्ट त्यांना स्वतःलाच उशिरा पटली होती. जन्मलेलं मूल रडलं नाही तर त्याला पायांना धरून उलटं लोंबवायचं आणि पाठीवर चापट्या द्यायच्या, हे त्यांनी उभं आयुष्य केलं होतं. मग शाळेत नवे डॉक्टर आले आणि म्हणाले, तसं करू नका. मूल कोरडं करा, ऊब द्या, तोंड पुसा, पाठ चोळा. मोठ्या बाई त्यांच्याशी कडाकडा भांडल्या, आणि एकदा पटल्यावर तेच अशा कडवेपणाने शिकवू लागल्या, की डॉक्टरांनाच मागे सरावं लागलं.

परीक्षेच्या दिवशी सुनेच्या वाट्याला पहिलटकरीण आली. सगळं रीतसर चाललं होतं; मोठ्या बाईही दंडकाप्रमाणे हात पाठीमागे बांधून खाटेशी उभ्या होत्या. परीक्षक बाई थोडा वेळ पाहून, बाळ हाती आल्यावर, कोपऱ्यातल्या नळाशी हात धुवायला गेल्या. आणि बाळ रडेना. निळसर, लुळं. सुनेने कोरडं फडकं घेतलं आणि पुसायला लागली. बाळंतिणीने विचारलं, "का रडत नाही हो?"

त्या प्रश्नासरशी मोठ्या बाईंचे हात पाठीमागून सुटले. जित्याची खोड. बाळाचे दोन्ही पाय त्यांच्या मुठीत जवळजवळ आलेच होते.

"बाई, हात मागे!"

आवाज सुनेचा, पण कडकपणा थेट सासूचा. मोठ्या बाईंचे हात जागच्या जागी थांबले आणि पुन्हा पाठीमागे गेले. सून मान वर न करता पाठ चोळत राहिली, बोटाला कापड गुंडाळून तोंड पुसलं, पुन्हा चोळलं. बाळाने आधी शिंकल्यासारखं केलं आणि मग असा टाहो फोडला, की बाहेरच्या बाकावर बसलेला बाप उभाच राहिला.

परीक्षक बाई हात पुसत आल्या. त्यांना दिसलं होतं ते एवढंच, की शिकवणारी पुढे झाली आणि शिकणारी तिच्यावर डाफरली. मोठ्या बाईंना त्या बाहेर घेऊन गेल्या.

"तुम्ही पुढे झालात म्हणून निभावलं. मुलगी फार हेकट दिसते. मोठ्यांचा मान नाही. हिला मी पास करू नये असंच मला वाटतं."

आता मोठ्या बाईंनी फक्त गप्प राहायचं होतं. त्यात कष्ट शून्य. सून घरी, खुर्ची दारी. 

"निभावलं ते तिने," त्या म्हणाल्या. "माझे हात चुकीच्या कामाला निघाले होते. पोराला उलटं धरणार होते मी. तिने अडवलं."

"तुम्ही? तुम्हीच तर हे शिकवता!"

"म्हणूनच तर तिला अडवता आलं."

परीक्षक बाईंनी चष्मा काढून पुसला. "असं असेल तर खुर्चीसाठी तुमची शिफारस मला करता येणार नाही."

"करूच नका. आणि तिला हेकट म्हणू नका. तो हेकटपणा घडवायला मला फार त्रास पडलाय."

नवं केंद्र उघडलं, सून खुर्चीवर बसली आणि मोठ्या बाई तिच्या हाताखाली कामाला लागल्या. पहिल्याच महिन्यात मोठ्या बाईंनी रजा मागितली आणि सुनेने ती नाकारली: लसीच्या दिवशी अनुभवी माणूस हवं. मोठ्या बाई संध्याकाळी दारोदार सांगत सुटल्या, "नाकारली हो माझी रजा! सरळ तोंडावर!" सांगताना चेहरा असा, की ऐकणारीने पेढेच मागावेत.

"राग नाही आला?" शेजारीण म्हणाली.

"रागाचं काय त्यात? लसीच्या दिवशी मीसुद्धा कुणाला सोडलं नसतं."

आता या सौद्यात कुणी काय दिलं ते बघावं. सुनेने झोप दिली. चिरंजिवांनी चहाची चव दिली, आणि पुढे दुपटी धुऊन हाताची कातडी. आयाने तो कोपरा दिला, म्हणजे शेवटी पुसला. बाकी सगळं सासूच्या नावावर निघालं: खुर्ची, शिफारस, आणि परीक्षक बाईंसमोर खाली घातलेली मान. तिने ते एकरकमी भरलं, आणि गल्लीभर मिरवत भरलं.