कंगव्याच्या पेटीतला टोप

मी टोप बोलतोय. स्वयंपाकघरातला नव्हे, डोक्यावरचा. तुम्ही शिकलेली माणसं विग म्हणता, म्हणा बापडे. मी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. पण सव्वीस वर्षं एका नटाच्या डोक्यावर बसून काढली, तेव्हा माणसाच्या डोक्यात काय असतं आणि काय नसतं हे मला कुणी शिकवू नये.

माझा जन्म एका अरुंद खोलीत झाला. एक बाई खिडकीशी बसून बारीक जाळीत सुईनं एकेक केस गाठवायची. पाठ दुखली की मलाच शिव्या द्यायची. माझ्यात तीन बायकांचे केस आहेत, त्यामुळे माझं स्वतःशीच कधी धड पटलं नाही.

तिथून मला घेऊन गेले दादा. दादा म्हणजे साहेबांचे मेकअपवाले. आणि साहेब म्हणजे तो नट, ज्याचा सिनेमा लागला की तुमच्या मावश्या नवी साडी काढायच्या. त्या साहेबांना अठ्ठाविसाव्या वर्षीच टक्कल पडलं होतं. विरळबिरळ नव्हे, चकचकीत. हे ठाऊक होतं तिघांनाच. साहेबांना, त्यांच्या बायकोला आणि दादांना.

पुढं पस्तीस सिनेमे झाले. वाऱ्यावर उडायचो मी, नायिका बोटं फिरवायची माझ्यातून, पत्रं यायची साहेबांना. एकीनं लिहिलं होतं, "तुमच्या कपाळावरच्या बटेनं माझी झोप उडवली." बट माझी होती. पण टोपाला कोण पत्र लिहितो?

साहेब नट बरे होते, पण संवाद विसरायचे. विसरले की खिडकीबाहेर बघत गप्प राहायचे. लोक म्हणायचे, काय ते मौन, काय ती खोली. खोली कसली, पुढची ओळ आठवत नसायची.

सगळ्यांत गाजली ती त्यांची लकब. बोलता बोलता दोन बोटं कपाळावरून हलकेच कानापर्यंत न्यायची. बस कंडक्टरपासून वकिलापर्यंत सगळे तसं करायला लागले. ती लकब आली कुठून, ते ऐका.

बाराव्या वर्षी दादांचे हात थरथरायला लागले. कप उचलला की निम्मा चहा बशीत. मला चिकटवायचा गम एकीकडे जास्त लागायचा, एकीकडे लागायचाच नाही. असाच एकदा ऐन रडायच्या प्रसंगात मी उजवीकडे घसरलो. साहेबांनी रडता रडता दोन बोटं फिरवून मला जागेवर दाबलं. दिग्दर्शक म्हणाला, "हे फार छान होतं. ठेवा हे."

शूटिंग संपल्यावर दादा म्हणाले, "साहेब, दुसरा माणूस बघा. आता माझ्यानं होत नाही."

"दुसऱ्याला माझं टक्कल दाखवू? गप गम लावा."

"वाकडा बसतो हो."

"बसू दे. माझी बोटं काय भाड्यानं दिलीत?"

झालं. पुढची चौदा वर्षं मी वाकडा बसलो आणि साहेब मला सरळ करत राहिले. मला विचारलं कुणी? पेपरवाले लिहायचे, अंतर्मनातली घालमेल. घालमेल कसली, गम.

मग साहेब गेले. दादांनी मला बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. अजूनही मला बिस्किटांचा वास येतो.

चाहत्यांनी मंडळ काढलं. कुलपांच्या दुकानावरची खोली घेतली, भिंतीभर पोस्टरं लावली आणि मधोमध काचेची पेटी ठेवली. पेटीत मखमलीवर काय, तर साहेबांचा कंगवा. ही मंडळी वहिनींच्या, म्हणजे साहेबांच्या बायकोच्या, खनपटीला बसली होती की त्या केसांवरून फिरलेला कंगवाच द्या. बाईंनी शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक आणून दिला. टकलाचा कंगवा, आणि लोक त्यापुढे डोळे मिटून उभे राहायचे.

साहेबांना जाऊन वर्ष झालं म्हणून मंडळानं सभा ठेवली. दादांना बोलावणं आलं. ते माझा डबा पिशवीत घालून निघाले. जिन्यात वहिनी भेटल्या.

दादा म्हणाले, "वहिनी, आज मला एकदा सांगायचंय. त्यांनी जिवंतपणी कधी आभार मानू दिले नाहीत. पण ते सांगायचं तर टक्कल सांगावं लागतं."

"भाऊजी, त्यांनी जन्मभर लपवलं ते," एवढंच म्हणून वहिनी वर गेल्या.

दादांनी डब्यावर हात दाबला. झाकण थरथरत होतं.

सभेत जो तो उठून साहेबांचा चांगुलपणा सांगत होता. पोस्टमन म्हणाला, "भर पावसात मला आपली छत्री दिली." छत्री सिनेमा कंपनीची होती, पण असो. भिजले साहेबच, आणि दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर मला शिंका ऐकाव्या लागल्या. मग न्हावी उठला. "पंचवीस वर्षं लोक माझ्याकडे साहेबांसारखे केस मागतायत. पण खरं बोलू? शेवटी शेवटी ती बोटं अतीच झाली. टाळ्या मिळतात म्हणून घासूनघासून वापरली त्यांनी."

दोघाचौघांनी माना डोलावल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "हो, जरा हाव सुटली होती."

दादा उठले. वहिनींकडे बघत नुसते उभे राहिले.

"सांगा भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "हावरा म्हणवून घेण्यापेक्षा टकला म्हणवून घेतलेलं बरं."

दादांनी डबा उघडून मला वर धरलं. त्यांच्या हातात मी पकडलेल्या उंदरासारखा हलत होतो.

"हे साहेबांचे केस," दादा म्हणाले. "आणि हा माझा हात. बघून घ्या. मला हे नीट बसवता येत नव्हतं. त्यांची ती बोटं टाळ्यांसाठी नव्हती, माझं काम जाऊ नये म्हणून होती. चौदा वर्षांत एकदाही म्हणाले नाहीत, दादा, आज वाकडा बसला."

न्हावी खाली बसला.

"चुकलं माझं," तो म्हणाला. मग डोकं खाजवून म्हणाला, "पण वहिनी, म्हणजे पंचवीस वर्षं मी गिऱ्हाइकांचे केस कापले ते कुणासारखे?"

"तीन बायकांसारखे," वहिनी म्हणाल्या.

आधी पोस्टमन हसला, मग सगळी खोली. हसता हसता दोनतीन जण डोळे पुसत होते. दादाही त्यांतले एक.

"आणि हा कंगवा?" कुणीतरी विचारलं.

"नवाच आहे. हवा तर वापरा," वहिनी म्हणाल्या.

मंडळाचे अध्यक्ष तेवढे हसले नाहीत. त्यांचे केस वयाच्या मानानं फारच काळे आणि दाट. आपले भाऊबंद मी लांबूनही ओळखतो, तो नायलॉनचा होता. पांगापांग झाल्यावर ते दादांच्या कानाशी आले. "दादा, तो गम कुठला वापरायचात?"

आता काचेच्या पेटीत मी आहे. खाली लाकडाचं डोकं आहे. साहेबांच्या डोक्याहून थंड, पण घोरत नाही. कंगवा न्हाव्यानं नेला. महिन्यातून एकदा दादा येतात, मला झटकतात, परत बसवतात. वाकडाच. परवा न्हाव्यानं न राहवून सरळ करायला हात पुढं केला.

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. मग पुढं होऊन त्यांनीच दोन बोटं लाकडाच्या कपाळावरून हलकेच कानापर्यंत नेली. दादा खिडकीबाहेर बघत राहिले, साहेब ओळ विसरल्यावर बघायचे तसे.

तेव्हा बाबांनो, बघायला या, पण काचेला कपाळ टेकू नका, तेलाचे डाग पडतात. आणि मी वाकडा दिसलो तर दिसू द्या. मला बसवायचं काम दादांचंच आहे, आणि ते अजून सुटलेलं नाही.